दवाखान्यात समुपदेशक बसवला की काम भागेल का?

नमस्कार डॉक्टर. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमची जनरल प्रॅक्टिस आहे, दोन डॉक्टर आणि दोन नर्सेस. बारा ते अठरा वयाची मुलं डोकेदुखी, पोटदुखी, झोप लागत नाही अशा तक्रारी घेऊन येतात. तपासण्या नॉर्मल येतात आणि दुखणं मनाचं आहे हे तुम्हाला कळतं. मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली तर बरीच कुटुंबं तिकडे फिरकतच नाहीत. म्हणून आठवड्यातून दोन अर्धे दिवस समुपदेशक बसवायचा आणि या वयाच्या प्रत्येक मुलाकडून नैराश्याचा फॉर्म भरून घ्यायचा असं तुमच्या मनात आहे. एवढ्याने भागेल का, असं तुम्ही विचारलंय.

नाही भागणार. पण विचार योग्य दिशेने चाललाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आज एखाद्या मुलीने फॉर्म भरला, बेरीज जास्त आली, समुपदेशकाने पाऊण तास छान बोलून घेतलं. पुढच्या वेळी ती आलीच नाही. सहा आठवड्यांनी तिचं काय चाललंय हे तुमच्या दवाखान्यात नेमकं कोणाला माहीत असेल? बहुतेक ठिकाणी याचं उत्तर ‘कोणालाच नाही’ असं असतं. डॉक्टरांना वाटतं समुपदेशक बघतोय, समुपदेशकाला वाटतं ती डॉक्टरांकडे जात असेल, आणि आईवडिलांना वाटतं पोरगी बरी असेल म्हणूनच कोणी बोलावलं नाही. घोडं पेंड खातं ते इथे. तज्ज्ञांची कमतरता असतेच, पण ती पाठपुरावा नसण्याइतकी महागात पडत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकते. मुलाला किती वयापासून स्वतःच्या संमतीने उपचार घेता येतात, पालकांना काय सांगणं बंधनकारक आहे, अत्याचाराची शंका आली तर कोणाला कळवायचं, हे जिथला तिथला कायदा ठरवतो. तो वकिलाकडून एकदा लेखी समजून घ्या. दुसरं, फोनवर बोलण्याचा आणि यादी चाळण्याचा वेळ कोणी भरून देतं का, हा प्रश्न आहे. अमेरिकेत मेडिकेअरने (वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेने) या कामाचे वेगळे पैसे द्यायला २०१७ साली सुरुवात केली, पण पुष्कळ ठिकाणी आजही फक्त समोरासमोरच्या भेटीचेच पैसे मिळतात. तिसरं, फोनवर का होईना, सल्ला देणारा मानसोपचारतज्ज्ञ मिळतो का. ही तीन उत्तरं वेगळी असतील तर माझ्या सांगण्यातले तपशील बदलतील, गाभा तोच राहील.

आता हा गाभा कुठून आला ते सांगते. २००२ साली अमेरिकेत ‘इम्पॅक्ट’ नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. १८ दवाखाने, साठीच्या पुढचे १,८०१ नैराश्याचे रुग्ण. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना तेच उपचार पण जोडीला पाठपुरावा करणारी एक व्यक्ती आणि तिच्या पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ. वर्षभराने लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालेले रुग्ण पाठपुराव्याच्या गटात ४५ टक्के होते, नेहमीच्या गटात १९ टक्के. ते आजीआजोबा, आपली मुलं वेगळी, असं तुम्ही म्हणाल. २०१४ साली १३ ते १७ वयाच्या १०१ मुलामुलींवर याच पद्धतीची चाचणी झाली. वर्षाअखेर साधारण ६८ टक्के विरुद्ध ३९ टक्के असा फरक दिसला. चाचणी लहान आहे हे खरं, पण माझ्या कामात जे दिसतं त्याच्याशी ती जुळते.

या चाचण्यांमध्ये चांगला झालेला गट कशामुळे चांगला झाला? औषधं काही नवी नव्हती, बोलण्याचे उपचारही नवे नव्हते. मोठा फरक हा होता, की एका माणसाकडे यादी होती आणि यादीतल्या प्रत्येक नावाची जबाबदारी त्याची होती. ही व्यक्ती नर्स असू शकते, समाजकार्य शिकलेली असू शकते, तुमचा समुपदेशकही असू शकतो. पदवीपेक्षा स्वभाव महत्त्वाचा: फोन उचलला नाही तर परत करणारा, कंटाळवाणी नोंद न चुकता ठेवणारा.

आमच्या यादीतली एक ओळ कशी दिसते ते दाखवते, अर्थात तपशील बदलून. (बेरीज म्हणजे नैराश्याच्या फॉर्ममधले २७ पैकी गुण, आणि नववा प्रश्न आत्महत्येच्या विचारांचा.) ‘वय १५. पहिली बेरीज १७, नववा प्रश्न शून्य. चार आठवड्यांनी १४. शेवटचं बोलणं बारा दिवसांपूर्वी, तिच्या स्वतःच्या फोनवर. झोप रात्री दोनच्या पुढे. ठरलं होतं: आठवड्यातून तीनदा संध्याकाळी मैत्रिणीबरोबर बाहेर पडायचं. झालं: एकदा. तज्ज्ञांना विचारायचं: आता औषध?’

आठवड्यातून एकदा तासभर ही यादी घेऊन बसायचं. सल्लागार मानसोपचारतज्ज्ञ फोनवर असले तरी चालतं. ज्यांची बेरीज हलत नाही आणि ज्यांच्याशी बरेच दिवस बोलणं झालेलं नाही, ती नावं आधी घ्यायची. वरच्या ओळीवर तज्ज्ञ काय विचारतात पाहा. दोन वाजेपर्यंत जागी असते ती झोप येत नाही म्हणून, की झोपेची गरजच वाटत नाही म्हणून? घरात कोणाला उन्मादाचा, म्हणजे अतिउत्साहाच्या झटक्यांचा, त्रास होता का? मैत्रिणीबरोबर एकदाच का गेली, कंटाळा आला की मैत्रिणीशी बिनसलंय? या तीन प्रश्नांची उत्तरं आणणं हे पुढच्या आठवड्याचं काम. मुलगी तज्ज्ञांना एकदाही भेटलेली नसते, तरी त्यांचं ज्ञान तिच्यापर्यंत पोचतं. तज्ज्ञाने त्याच तासात नवा रुग्ण स्वतः तपासला असता तर एकाच मुलाचं काम झालं असतं. इथे सात-आठ मुलांचं होतं.

या पद्धतीत लक्ष्य आधीच ठरलेलं असतं. बेरीज निम्म्यावर यावी ही पहिली अपेक्षा, पाचाच्या खाली यावी ही खरी. सहा ते आठ आठवड्यांत काहीच हललं नाही तर चाललंय ते तसंच चालू ठेवायचं नाही. भेटी वाढवा, औषध सुरू करा, डोस बदला किंवा निदानच पुन्हा तपासा. ‘बघू अजून थोडे दिवस’ यात मुलांची अख्खी वर्षं निघून जातात.

आता फॉर्मकडे येऊ. पीएचक्यू-९ हा नैराश्याचा फॉर्म तुम्हाला माहीत असेलच. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज २७ पर्यंत. किशोरवयीनांसाठी शब्द थोडे बदललेली आवृत्तीही आहे. फॉर्म चांगला आहे, पण त्याच्याकडून काय मिळतं आणि काय नाही हे माहीत हवं. १३ ते १७ वयोगटात ११ ही सीमा धरली तर नैराश्य असलेल्या शंभरातली जवळपास ९० मुलं तो पकडतो आणि नैराश्य नसलेल्या शंभरातली साधारण ७८ बाजूला काढतो, असं २०१० च्या एका अभ्यासात दिसलं. ऐकायला छान वाटतं. आता हिशेब करा. समजा तुमच्याकडे येणाऱ्या १०० मुलांमध्ये ८ जणांना खरोखर नैराश्य आहे. फॉर्म त्यातली ७ दाखवेल आणि उरलेल्या ९२ मधलीही वीस-एकवीस दाखवेल. म्हणजे ‘जास्त बेरीज’वाल्या अठ्ठावीस मुलांपैकी सातच खरी. बाकीची कोणी परीक्षेच्या ताणात, कोणी ब्रेकअपमध्ये, कोणी रात्रभर मोबाइलवर जागलेली. यांना पंधरा-वीस मिनिटं देऊन नीट बोलण्याची सोय नसेल तर तुम्ही निदान न करता लेबलं वाटत सुटाल, आणि समुपदेशकाचे दोन अर्धे दिवस पहिल्याच महिन्यात भरून जातील.

म्हणून सगळ्यांना फॉर्म द्यायची घाई करू नका. आधी पुढची वाट तयार करा, मग लसीकरणासाठी किंवा वार्षिक तपासणीला येणाऱ्या मुलांपासून सुरुवात करा. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञगटाने १२ ते १८ वयात नैराश्यासाठी आणि ८ ते १८ वयात चिंतेसाठी चाचपणी करावी असं २०२२ मध्ये सांगितलं. पण पुढे निदान, उपचार आणि पाठपुरावा होणार असेल तरच तिचा उपयोग आहे.

फॉर्म कुठे भरून घेता यावरही बरंच अवलंबून आहे. वेटिंग रूममध्ये आई शेजारी बसून कागदात डोकावत असेल तर सगळी उत्तरं शून्य येतात. नर्स वजन-उंची घ्यायला मुलाला आत नेते तेव्हाच कागद हातात द्यायचा, तिथेच परत घ्यायचा. आणि बेरीज करण्याआधी नववा प्रश्न पाहायचा. मरून गेलो तर बरं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटतं का, हा तो प्रश्न. बेरीज सहा असली तरी तिथे शून्याखेरीज काही खूण असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांनी स्वतः मुलाशी बोलून काय ते पाहायचं. कागद संध्याकाळी फाइलला लागला आणि कोणी पाहिलाच नाही, असं होता कामा नये.

मुलांशी एकट्याने बोलायला पालकांना बाहेर कसं पाठवायचं, यावर बरेच डॉक्टर अडखळतात. मी एकच वाक्य वापरते: “या वयाच्या सगळ्याच मुलांशी मी थोडा वेळ एकट्याने बोलते, तोवर तुम्ही बाहेर बसा, नंतर आपण तिघं मिळून बोलू.” ‘सगळ्याच’ म्हटलं की कोणाला राग येत नाही. मात्र ते खरं असायला हवं. ताप घेऊन आलेल्या मुलालाही दोन मिनिटं एकट्याला भेटायचं. नाहीतर ज्याला एकट्याला भेटता त्याच्यात काहीतरी खोट आहे असा अर्थ निघतो.

पालक बाहेर गेल्यावर पहिलं बोलणं गोपनीयतेचं, आणि त्यातले अपवाद तिथेच सांगायचे. “तू इथे बोलशील ते मी घरी सांगत नाही. तुझ्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कोणाच्या असेल किंवा तुला कोणी त्रास देत असेल, तर मला मदत घ्यावी लागेल. तेव्हाही काय आणि कसं सांगायचं ते आधी तुझ्याशी बोलून ठरवू.” अपवाद नंतर कळले तर मुलाला फसवल्यासारखं वाटतं आणि पुढे ते ताकास तूर लागू देत नाही. मग घर, शाळा, मित्रमैत्रिणी, झोप-जेवण, नशा, लैंगिक संबंध, आणि शेवटी मनःस्थिती व आत्महत्येचे विचार, असा सोप्याकडून अवघडाकडे क्रम ठेवते. यात एक नवी अडचण आली आहे. अनेक दवाखान्यांच्या ॲपवर मुलाची नोंद पालकांच्या मोबाइलवर दिसते. गोपनीयतेचा शब्द देण्याआधी तुमचं सॉफ्टवेअर काय दाखवतं ते स्वतः उघडून पाहा. पाठपुराव्याचा फोन कोणाच्या नंबरवर करायचा, मेसेजमध्ये काय लिहायचं, हेही मुलालाच विचारून लिहून ठेवा.

आत्महत्येबद्दल विचारलं तर मुलाच्या डोक्यात तो विचार आपणच घालू, ही भीती फार जुनी आहे. न्यूयॉर्कमधल्या शाळांत दोन हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर हे तपासलं गेलं, निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. विचारल्याने त्रास वाढला नाही. ज्यांना आधीपासून त्रास होता त्यांनाही विचारण्याने इजा झाली नाही. तेव्हा सरळ शब्दांत विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर पुढे: कधीपासून, कसं करायचं हे ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न केला होता का. योजना आणि साधन दोन्ही असेल तर त्या मुलाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी तातडीच्या सेवेकडे न्यायचं. विचार आहेत पण योजना नाही, तर मुलाबरोबर बसून सुरक्षा आराखडा लिहायचा: त्रास वाढतोय हे मला कशावरून कळतं, तेव्हा मी स्वतः काय करू शकतो, कोणाकडे जाऊन बसू शकतो, मदत कोणाकडे मागायची, कोणत्या नंबरवर फोन करायचा. हे मुलाच्या शब्दांत, एका पानावर. आणि पालकांना बोलावून घरातली औषधं, कीटकनाशकं, शस्त्रं कुलपात किंवा घराबाहेर ठेवायला सांगायचं. हे सांगायला डॉक्टर संकोचतात. संकोच करू नका, टोकाचा क्षण अनेकदा थोडाच वेळ टिकतो आणि तेवढ्या वेळात साधन हाताला लागू नये हे महत्त्वाचं. अशा मुलाला फोन दोन-तीन दिवसांत गेलाच पाहिजे.

कुटुंबाबद्दल तुम्ही फारसं विचारलं नाहीत, पण तुमचं सगळ्यात मोठं बळ तिथेच आहे. मानसोपचारतज्ज्ञांकडे एकटं मूल जातं. तुमच्याकडे त्याची आई रक्तदाबासाठी येते, वडील पाठदुखीसाठी येतात. अमेरिकेतल्या एका अभ्यासात नैराश्याच्या उपचारावर असलेल्या आयांच्या ७ ते १७ वयाच्या मुलांकडे पाहिलं गेलं. तीन महिन्यांत ज्या आया पूर्ण बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांमधल्या मानसिक आजारांच्या निदानांचं प्रमाण ११ टक्क्यांनी घटलं. ज्या बऱ्या झाल्या नाहीत त्यांच्या मुलांमध्ये ते सुमारे ८ टक्क्यांनी वाढलं. अभ्यासातून मुलांना वेगळं काहीच दिलेलं नव्हतं. २००६ साली हे प्रसिद्ध झालं, आणि फॅमिली डॉक्टरांना हे माहीत असावं असं मला फार वाटतं. मुलाची बेरीज हलत नाही असं दिसलं की मी घरातल्या मोठ्यांची विचारपूस करते. “या सगळ्यात तुम्ही कशा आहात?” एवढंच विचारायचं. पुष्कळदा आई रडायला लागते, आणि उपचारांची दुसरी बाजू तिथून सुरू होते.

पालकांना दोष दिल्यासारखं वाटलं तर ते मुलालाच घेऊन येणं बंद करतात. म्हणून ‘तुम्ही त्याच्यावर ओरडता’ असं म्हणण्यापेक्षा करण्याजोगं एखादं काम द्या. मुलाशी रोज दहा मिनिटं अभ्यासाचा विषय न काढता बोलायचं, हे एक वाक्य मी चिठ्ठीवर औषधासारखं लिहून देते.

औषधांबद्दल थोडक्यात. सौम्य नैराश्यात घाई नको. सहा ते आठ आठवडे नियमित भेटी, झोप, हालचाल, शाळेतल्या अडचणी यांवर काम करून पाहा. मध्यम ते तीव्र नैराश्यात फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधामागे या वयातला सर्वांत चांगला पुरावा आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांच्या चाचणीत बारा आठवड्यांनी औषध आणि विचार-वर्तन उपचार (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारे बोलण्याचे उपचार) दोन्ही घेतलेल्यांपैकी ७१ टक्के सुधारले, नुसत्या औषधावर सुमारे ६१, नुसत्या विचार-वर्तन उपचारावर ४३ आणि खोट्या (औषध नसलेल्या) गोळीवर ३५ टक्के. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने नैराश्यावरच्या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला, कारण चाचण्यांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन औषधावरच्या मुलांपैकी सुमारे ४ टक्क्यांत दिसलं, खोट्या गोळीवरच्यांत २ टक्क्यांत. त्या चाचण्यांत आत्महत्या मात्र एकही झाली नव्हती. माझ्या मते या इशाऱ्याचा अर्थ औषध टाळा असा नाही. सुरुवातीचे आठवडे मुलाला दर आठवड्याला पाहा किंवा फोन करा, हा आहे. ज्याच्याकडे पाठपुरावा करणारा माणूस नाही, त्याने औषध सुरू करताना दहादा विचार करावा.

काही मुलं तुमच्याकडे ठेवायची नाहीत. भास होणारी, उन्मादाची लक्षणं असलेली, खाणं सोडून वजन झपाट्याने उतरलेली आणि नाडी मंदावलेली, पुन्हा पुन्हा स्वतःला गंभीर इजा करणारी मुलं थेट तज्ज्ञांकडे. तिथेही नुसती चिठ्ठी देऊ नका. मूल समोर असतानाच फोन लावून वेळ घ्या, आणि ते पोचलं का हे तुमच्या यादीत दिसेपर्यंत नाव खोडू नका.

एका दमात सांगायचं तर आधी पाठपुरावा करणारी व्यक्ती आणि यादी, मग आठवड्याचा एक तास देणारे तज्ज्ञ, मग नववा प्रश्न आणि तातडीची वाट सगळ्या स्टाफला पाठ, रिसेप्शनवरच्या माणसासकट. फॉर्म सर्वांत शेवटी, तोही एका छोट्या गटापासून.

समुपदेशक नेमायला माझा विरोध नाही. फक्त त्याचा सगळा वेळ भेटींनी भरू नका. दोन अर्ध्या दिवसांपैकी एका अर्ध्या दिवसाचा निम्मा वेळ फोन आणि यादीसाठी राखून ठेवा, आणि हे नेमणुकीच्या कागदावर लिहा, नाहीतर भेटींची गर्दी तो वेळ खाऊन टाकते. बाकीचे दिवस फोन कोण करणार, तेही ठरवून ठेवा. तुमच्या दोन नर्सेसपैकी एकीला रोज अर्धा तास मोकळा करून देता आला तर उत्तम. मुलाखतीत पदव्या पाहून झाल्या की एक प्रश्न जरूर विचारा: एक मूल दोनदा आलं नाही, फोन उचलत नाही, आई म्हणते ‘आता बरा आहे’, तर तुम्ही काय कराल? ‘ते स्वतः येतील तेव्हा बघू’ असं उत्तर आलं तर दुसरा उमेदवार बघा. मुलालाच कसं गाठायचं, शाळेतून की मेसेजवरून, आणि किती दिवसांनी डॉक्टरांना सांगायचं, यावर जो लगेच बोलायला लागेल त्याला घ्या.